फेफरे : झटक्याची पाच मिनिटे आणि नंतरची वर्षे




हडपसरच्या आपल्या वसतिगृहात राहून नर्सिंग शिकणाऱ्या आदिवासी मुलींची आपण आवर्जून चौकशी करता. किती मुली आहेत, किती पास झाल्या, हे आपण दर अंकात वाचताच. या वेळी आकड्यांऐवजी त्यांच्या अभ्यासातला एक विषय आपल्यापुढे ठेवते. तो विषय आपल्या मंडळीतही आहे, आपल्या घरांतही आहे. फक्त आपण त्याबद्दल बोलत नाही. तो म्हणजे फेफरे. कोणी त्याला अपस्मार म्हणते, कोणी मिरगी, कोणी आकडी, आणि शहरात सर्रास 'फिट येणे'.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. धर्मशास्त्राचा डिप्लोमा आणि पाड्यांवरच्या कामाची काही वर्षे एवढीच माझी शिदोरी. शनिवारच्या अभ्यासवर्गात डॉक्टर आणि सिस्टर शिकवतात, मी मागे बसून वही भरते. फेफऱ्याच्या वर्गात एका मुलीने विचारले, "पुस्तकात औषधांची यादी आहे, ती मी पाठ करीन. पण गावात फिट आलेल्या माणसाभोवती दहा जण उभे असतात. एकाच्या हातात कांदा, दुसऱ्याच्या हातात चप्पल, तिसरा भगताला बोलवायला पळालेला. तेव्हा मी काय करू?" वर्ग शांत झाला. सगळ्यांनीच ते पाहिलेले होते.

त्या प्रश्नाचे उत्तर देताना डॉक्टरांनी जे सांगितले त्याचा सारांश असा : फेफऱ्याच्या बहुतेक रुग्णांना स्वस्त गोळ्यांनी आराम पडतो. पण रुग्णाचे भले होणार की नुकसान, हे पुष्कळदा त्याच्या शेजारी असलेल्या माणसावर ठरते. झटका आला असताना पाच मिनिटे, आणि झटका थांबल्यावर पुढची काही वर्षे.

फिट म्हणजे काय?

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत आणि त्या एकमेकींशी सूक्ष्म विजेच्या लहरींनी बोलतात. हे बोलणे शिस्तीत चालते म्हणून आपण चालतो, ऐकतो, आठवतो. कधी कधी बऱ्याच पेशी एकाच वेळी, शिस्त सोडून लहरी पाठवू लागतात. त्या वेळी शरीराला जे होते ती फिट. म्हणजे हा मेंदूचा आजार आहे. तो वेडेपणा नाही, कोणाची करणी नाही, आईबापांचे पाप नाही, आणि स्पर्शाने पसरणारा तर मुळीच नाही.

आपल्याला माहीत असते ती मोठी फिट. माणूस एकदम ताठ होतो. छातीतली हवा घशातून जोराने बाहेर पडते, म्हणून किंकाळीसारखा आवाज येतो. तो भुताचा आवाज नव्हे. मग हातपाय झटकू लागतात, ओठ निळसर होतात, तोंडाला फेस येतो, कधी जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते. बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत हे आपोआप थांबते आणि माणूस गुंगीत जातो.

पण प्रत्येक फिट अशी दिसत नाही. काही मुले बोलता बोलता पाच-दहा सेकंद शून्यात पाहतात आणि पुन्हा जिथल्या तिथे सुरू होतात. आश्रमशाळेत अशा मुलाला 'लक्ष देत नाही' म्हणून मार बसतो. कोणाचा एकच हात उडतो, कोणी भान नसताना कपडे चाचपत राहतो, ओठ चघळत राहतो. गावात या प्रकारांना 'वारे लागले' म्हणतात, कारण माणूस पडलेला नसतो. डॉक्टरांनी मुलींना बजावले, शाळा तपासणीला जाल तेव्हा पडणारी मुले शिक्षक दाखवतील. हरवणारी मुले तुम्हाला शोधावी लागतील.

प्रत्येक फिट फेफरे नव्हे

एकदा फिट आली म्हणजे फेफरे झाले असे नाही. काही उघड कारण नसताना, एका दिवसाहून जास्त अंतराने दोनदा फिट आली, तर सर्वसाधारणपणे डॉक्टर फेफऱ्याचे निदान करतात. एकाच फिटनंतर काही तपासण्यांवरूनही ते तसे ठरवू शकतात. पण त्याआधी 'आत्ताच का आली?' हा प्रश्न विचारायचा असतो, कारण काही फिटांमागे तातडीचा धोका लपलेला असतो.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात फिट येऊ शकते. अशी बहुतेक मुले पुढे ठणठणीत राहतात, तरीही मेंदूज्वर किंवा मेंदूचा मलेरिया नाही ना, हे डॉक्टरांनी पाहायलाच हवे. रक्तातली साखर फार उतरली तर फिट येते. म्हणून दवाखान्यात फिटच्या रुग्णाची साखर लगेच तपासायची. गरोदरपणाच्या उत्तरार्धात किंवा बाळंतपणानंतर फिट आली, तर आधी रक्तदाब पाहायचा. ती गर्भिणीचे झटके असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचे औषध वेगळे, मॅग्नेशियम सल्फेट. त्याचा पहिला डोस देऊन मग बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवायचे, हे उपकेंद्राच्या नर्सताईंनाही शिकवलेले असते. त्या एका इंजेक्शनावर आई आणि बाळ दोघांचा जीव असतो.

आणखी एक कारण मंडळीने मुद्दाम लक्षात ठेवावे. वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणारा माणूस एकदम दारू सोडतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. संजीवन सभेत कोणी दारू सोडण्याचा संकल्प केला तर प्रभूची स्तुती करूच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डॉक्टरांकडेही घेऊन जाऊ.

मुळात फेफरे का होते? जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर, डोक्याला मार, पक्षाघात ही नेहमीची कारणे. काही घराण्यांत आनुवंशिक कल असतो. पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडतही नाही. आपल्या देशात एक कारण टाळता येण्याजोगे आहे. डुकरातल्या फीतकृमीची अंडी अस्वच्छ हातांनी, पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीवरून पोटात जातात आणि त्यांच्या गाठी मेंदूत होतात. कधीही मांस न खाणाऱ्यालाही हे होते. हडपसरला ताज्या भाजीची कमतरता नाही; ती कच्ची खाण्याआधी नीट धुवा, एवढे घरोघरी सांगता येईल. सुखरूप बाळंतपण, लसीकरण, शौचालय आणि हात धुणे हेदेखील फेफऱ्याविरुद्धचेच काम आहे.

ती पाच मिनिटे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. गर्दीत काय करायचे? सिस्टरांनी एका मुलीला जमिनीवर झोपवून सगळे करून दाखवले.

पहिले काम, घड्याळ पाहणे. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते, म्हणून वेळ नोंदवायचीच. दुसरे, चूल, पाणी, दगड, विळी यांपासून रुग्णाला सुरक्षित करणे आणि डोक्याखाली घडी केलेली ओढणी किंवा हात ठेवणे. तिसरे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करणे. चौथे, जमेल तितक्या लवकर त्याला कुशीवर वळवणे, म्हणजे लाळ बाहेर येते आणि श्वास मोकळा राहतो. पाचवे, शुद्ध पूर्ण येईपर्यंत त्याच्याजवळ थांबणे आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलणे.

काय करायचे नाही, हे तितकेच महत्त्वाचे. तोंडात चमचा, बोट, कापड काही घालायचे नाही. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतात. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजायचे नाही, ते फुप्फुसात जाऊ शकते. कांदा, चप्पल, हातात लोखंडी किल्ली यांचा काही उपयोग नाही. फिट आपोआप थांबणारच असते, आणि थांबताना ज्याचा कांदा नाकाशी असतो त्याला श्रेय मिळते, असे सिस्टर म्हणाल्या तेव्हा मुली खूप हसल्या.

पण हसून गावाचा गैरसमज जात नाही. म्हणून मुलींनी एक युक्ती ठरवली : कांदेवाल्या काकांशी वाद घालायचा नाही, त्यांना काम द्यायचे. "काका, तुम्ही घड्याळ बघा. मावशी, तुम्ही लोकांना मागे सारा, वारा येऊ द्या. दादा, तू मोबाईलवर चित्रण कर, डॉक्टरांना दाखवायचे आहे." माणसांना मदत करायचीच असते, काय करावे हे ठाऊक नसते इतकेच.

पाच मिनिटे उलटली तरी झटके चालूच असतील, शुद्ध न येता दुसरी फिट आली, रुग्ण गरोदर किंवा मधुमेही असेल, फिट पाण्यात आली असेल, मार लागला असेल, श्वास नीट परत येत नसेल किंवा ही आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे. मोठी फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली की ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि मेंदूला धोका वाढतो. वारंवार लांब फिट येणाऱ्यांच्या घरी डॉक्टर कधी कधी नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा देऊन ठेवतात. तो दिला असेल तर केव्हा आणि किती मारायचा, हे घरातल्या दोघांना तरी येत असावे.

वॉर्डमध्ये नर्सचे काम याहून वाढते. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, लाळ ओढून घेणे, प्राणवायू देणे, साखर तपासणे, शिरेतून सुई लावणे, डॉक्टरांनी सांगितलेले औषध बरोबर मात्रेत आणि बरोबर गतीने देणे. फेनिटॉइनचे इंजेक्शन ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळायचे नाही, त्याचा साका होतो. ते साध्या सलाइनमधून, सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यायचे. ही एक ओळ मुलींनी तीन वेळा लिहून काढली.

बापाला विचारलेला प्रश्न

फेफऱ्याचे निदान मुख्यतः पाहणाऱ्याच्या साक्षीवर होते. डॉक्टर येतात तेव्हा फिट थांबलेली असते आणि रुग्णाला काही आठवत नसते. मेंदूचा आलेख आणि एमआरआय मदत करतात, पण आलेख नीट आला म्हणून फेफरे नाही असे म्हणता येत नाही. म्हणून नर्सने नोंदवायचे : आधी काय करत होता? डोळे उघडे होते की मिटलेले? मान कोणत्या बाजूला वळली? झटके कोठून सुरू झाले? किती वेळ? नंतर कसा होता?

हे ऐकताना मला मार्काच्या नवव्या अध्यायातला मुलगा आठवला. तो लहानपणापासून पडत असे, कधी विस्तवात, कधी पाण्यात. शास्त्री आणि शिष्य त्याच्याभोवती वाद घालत होते. येशूने बापाला विचारले, हे याला किती दिवसांपासून होत आहे? त्या घोळक्यात बापाचे म्हणणे विचारणारा तो एकटाच होता.

काही बंधू म्हणतील, शुभवर्तमानात तर तो दुरात्मा होता. मार्क तसेच लिहितो, हे खरे. परंतु मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूकडे आणलेल्या रोग्यांची यादी आहे आणि तिथे भूतग्रस्त आणि फेफरेकरी हे दोन वेगळे शब्द आहेत. पवित्र शास्त्र स्वतःच जो फरक करते तो आपण पुसू नये. पुढे फिट आलेल्या प्रत्येकाला आपण भूतग्रस्त ठरवू लागलो, तर आपल्यात आणि भगतात फरक काय राहिला? भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, डाग देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग तो कोणीही करो.

रोजची गोळी

आता पुढची वर्षे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना फेफरे आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य निदान आणि उपचार मिळाले तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतील; पण गरीब देशांत चारपैकी तीन जणांना आवश्यक उपचार मिळत नाहीत. औषधे नवी नाहीत. फिनोबार्बिटोनचा फेफऱ्यावरचा गुण आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरांनी १९१२ साली दाखवला आणि फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट यांच्यासह ही औषधे भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. अडचण असते ती रोज, वेळेवर, वर्षानुवर्षे घेण्याची.

आपल्या एका विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ गोळ्यांवर छान होता, वर्षभर एकही फिट नव्हती. दिवाळीनंतर घर वीटभट्टीवर गेले. गोळ्या तीन आठवड्यांत संपल्या. दवाखाना लांब, मुकादम सुट्टी देईना, आणि आईला वाटले, पोरगा आता बरा झाला आहे. चौथ्या आठवड्यात तो चुलीजवळ पडला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आज तो पुन्हा गोळ्यांवर आहे, शाळेत जातो, डाव्या हाताने लिहितो. त्याच्या बहिणीने हे वर्गात स्वतः सांगितले आणि म्हणाली, "मी नर्स झाल्यावर स्थलांतराला निघणाऱ्या घरांची यादी दिवाळीआधी करीन."

त्या दिवशी फळ्यावर जे लिहिले ते असे. फिट थांबल्या म्हणून गोळी थांबवायची नाही. गोळी एकदम बंद करणे सगळ्यांत धोक्याचे. निदान दोन वर्षे फिट आली नाही तर डॉक्टर हळूहळू कमी करण्याचा विचार करतात, तोही प्रत्येकाच्या बाबतीत नाही. अंगावर पुरळ आले तर लगेच डॉक्टरांना दाखवायचे. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, म्हणून दात स्वच्छ ठेवायचे. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन सुरू झाले तर फेफऱ्याच्या काही औषधांचा अंमल कमी होतो, आणि फेफऱ्याच्या काही गोळ्यांमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरतात. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेले तरी चालू गोळ्यांची पाकिटे दाखवायची. व्हॅल्प्रोएटने गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून मुलींच्या बाबतीत लग्नाआधीच डॉक्टरांशी बोलायचे. पण दिवस राहिले म्हणून स्वतःच्या मनाने गोळी सोडायची नाही, कारण फिट आईला आणि बाळाला दोघांनाही घातक. विहिरीवर, नदीवर एकट्याने जायचे नाही. जमिनीवरच्या उघड्या चुलीपेक्षा उंच ओट्यावरची चूल बरी.

मंडळी काय करू शकते?

फेफरे असलेल्याला अपुरी झोप चालत नाही. जागरणाने फिट येण्याची शक्यता वाढते. म्हणून रात्रभराच्या प्रार्थनेला तो आला नाही तर त्याच्या विश्वासाचे माप काढू नका. उपासाच्या दिवसांत त्याने डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे, आणि गोळी तर घ्यावीच. आजाऱ्यासाठी हात ठेवून प्रार्थना करा, जरूर करा. पण "आता गोळ्या टाकून दे" असे कोणी म्हटले तर वडीलधाऱ्यांनी तिथेच थांबवावे. ज्याने गोळी टाकली तो एकटा पडतो, विहिरीत किंवा चुलीत. सल्ला देणारा तेव्हा जवळ नसतो.

दुसरी गोष्ट लग्नाची. फेफरे लपवून लग्ने होतात, मग सासरी गोळ्या लपवाव्या लागतात, चुकतात, आणि सगळे उघड होते ते फिटनेच. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतून लग्नाला अडसर म्हणून असलेला फेफऱ्याचा उल्लेख १९९९ साली काढून टाकला गेला. कायद्याने जो डाग पुसला तो मनातून पुसायला आपण इतकी वर्षे का घ्यावीत? या कामी एकटे असण्याचे कारण नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या आजाराच्या अनुभवातून २००४ मध्ये संवेदना फाउंडेशन हा अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट सुरू केला. मुंबईचे डॉ. निर्मल सूर्या यांची एपिलेप्सी फाउंडेशन ग्रामीण जिल्ह्यांत तपासणी शिबिरे घेत आली आहे. जवळपास शिबिर असेल तर आपल्या गाडीत दोन रुग्णांना जागा द्या. ते दानच आहे.

१७ नोव्हेंबर हा आपल्या देशात राष्ट्रीय अपस्मार दिन. त्याच्या जवळच्या रविवारी, उपासनेनंतर पंधरा मिनिटे द्याल का? आपल्या मुली येतील, एकीला जमिनीवर झोपवून ती पाच मिनिटे करून दाखवतील. बोलताना त्या आधी लाजतील. मग घड्याळ कोणाच्या हातात आहे, असे ठणकावून विचारतील. आपल्याकडून एक सतरंजी आणि एक उशी हवी. तारखा ठरवण्यासाठी वसतिगृहाच्या कार्यालयात निरोप द्यावा.

या मुलींसाठी, आणि रोजची गोळी घेणाऱ्या प्रत्येक घरासाठी प्रार्थना करीत राहा. प्रभूची शांती आपल्या सर्वांबरोबर असो.